चढणीचा मासा धरू नका



मृगाची पहिली मोठी सर कोसळून गेली आणि ओढ्याला गढूळ लोंढा आला, की त्या रात्री आपल्या वाडीत कोण झोपते? आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, डोंगरकडेच्या कोणत्याही तालुक्यात जा, चित्र एकच. पूर्वी पेटते चूड असायचे, मग कंदील आले, मग बॅटऱ्या, आणि आता पोरांच्या कपाळाला बांधायचे दिवे आहेत. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात कोयता, कोणी बुट्टी घेतलेली, कोणी खताचे रिकामे पोते, तर कोणी जुनी मच्छरदाणी. गुडघाभर पाण्यात सारा गाव उतरतो आणि प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढणारा मासा धरतो.

मी स्वतः आजरा तालुक्यातला. लहानपणी वडिलांच्या मागे बुट्टी घेऊन मीही या चढणीच्या माशांना गेलो आहे. सकाळी आई चुलीपुढे बसून मासे साफ करी. जवळजवळ प्रत्येक माशाच्या पोटात गाभोळी निघे आणि ती कोणाच्या ताटात पडणार यावरून आम्हा भावंडांत भांडणे होत. ती चव मला आजही आठवते. म्हणून पुढे जे लिहिणार आहे ते काही जणांना रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही ते पहिल्यांदा कोणी सांगितले तेव्हा रुचले नव्हते.

मासा वर का चढतो?

उन्हाळाभर मासा नदीच्या डोहात दाटीवाटीने दिवस काढतो. पाणी कमी, तेही तापलेले, खायला फारसे नाही. अशात पहिला पाऊस पडला की डोंगरावरून थंड, मातकट, ताजे पाणी खाली येते. त्या पाण्याची चाहूल लागली की मासा अंडी घालायला निघतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओघळीत आणि ओघळीतून थेट आपल्या भाताच्या खाचरात. खाचरातच का, तर तिथे पाणी उथळ आणि उबदार असते, किडामुंगी भरपूर असते आणि पिल्लांना गिळणारे मोठे मासे नसतात. आपण रोपांसाठी तरवा निवडताना जो विचार करतो, तोच विचार मासा करतो म्हणा ना.

आता हिशेब मांडू. रोहूसारख्या माशाची एक किलो वजनाची मादी एका हंगामात सुमारे दोन लाख अंडी देते. पाणी चांगले असेल तर रोहूच्या अंड्यातून पिल्लू सोळा-अठरा तासांत बाहेर पडते. ओढ्यातल्या बारीक माशांची अंडी याहून पुष्कळ कमी असतात, पण तीही शेकड्यांनी-हजारांनी मोजावी लागतात. त्यातली बहुतेक वाया जातात, हेही खरे. बेडूक खातात, बगळे खातात, पाणी आटते. राहतात ती थोडी. भाद्रपद-अश्विनात पाणी ओसरू लागले की ती पिल्ले त्याच वाटेने परत ओढ्यात आणि नदीत उतरतात, आणि पुढच्या मृगाला तीच वर चढतात.

मृगाच्या रात्री आपल्या बुट्टीत पडते ती ही भरल्या पोटाची मादी. आपल्यापैकी कितीही अडचणीतला शेतकरी असो, कणगीतले बियाण्याचे भात तो कांडायला काढत नाही. उसने आणील, उपाशी राहील, पण बियाणे खाणार नाही. ओढ्याच्या बाबतीत मात्र आपण दरवर्षी नेमके बियाणेच खातो आणि वर म्हणतो, ‘अलीकडं मासंच ऱ्हायलं न्हाईत.’

मरळीची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती अंडी घालून निघून जात नाही. पाणवनस्पतीत जागा साफ करून तिथे अंडी घालते आणि नर-मादी राखणीला राहतात. श्रावणाच्या सुमारास संथ पाण्यावर तांबूस-केशरी पिल्लांचा झुबका खालीवर करताना तुम्ही पाहिला असेल. त्याच्या खाली आई किंवा बाप असतोच. आमच्या गावातले पटाईत लोक त्या झुबक्याच्या खालीच नेम धरतात, कारण तिथे मरळ हमखास सापडते. ती काढली की झुबका उघडा पडतो आणि दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. म्हणजे एका कालवणासाठी आपण पुढच्या कित्येक मरळी घालवल्या. तेवढ्या एका गोष्टीपुरते तरी ऐका: पिल्ले वागवणारी मरळ मारू नका.

आपल्या ओढ्यांची किंमत

पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती, हे शाळेत आपण पाठ केले. पण या नद्यांना पाणी देणाऱ्या शेकडो ओढ्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. तीच गत तिथल्या माशांची. राज्याने २०२३ साली पापलेटला राज्यमासा ठरवले, चांगलेच झाले. पण ओढ्यातल्या बोटभर मासळीला कोण विचारतो?

विचारणारे होते. कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये हिंडला आणि १८३९ साली त्याने इथल्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नावे देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावेच उचलली. त्यामुळे आजही जगभरच्या शास्त्रज्ञांच्या पुस्तकांत खुद्री, कोलस, फुलंगी, बोगट अशी आपल्याकडची नावे लॅटिन पेहरावात बसलेली आहेत. खुद्री म्हणजे आपला महसीर, कोणी त्याला खडशी म्हणतात. ज्या भोयांनी आणि शेतकऱ्यांनी ती नावे त्या साहेबाला सांगितली, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

आणि सगळे मासे शोधून झाले असेही नाही. आजरा-गडहिंग्लजची जी हिरण्यकेशी, तिचा उगम घाटमाथ्यावर आंबोलीला आहे. तिथल्या देवळाच्या कुंडात आणि ओहोळात एक लहानसा रंगीत मासा लोक पिढ्यान्‌पिढ्या पाहत होते. २०२० साली शास्त्रज्ञांनी तपासला तेव्हा तो जगात कुठेच नोंद नसलेला निघाला. त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले आणि २०२१ साली शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढा मासा, पण त्याच्यामुळे एका झऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. तोच प्रवाह पुढे आपल्या शेतांमधून वाहतो.

माझी चूक

आता माझ्याकडचे सांगतो. मी बी. एस्सी. (कृषी) होऊन खात्यात लागलो आणि काही वर्षांनी माझ्याच तालुक्यात बदली झाली. त्या वेळी काजूचे क्षेत्र वाढत होते. काजूच्या मोहोरावर ढेकण्या पडतो, मोहोर करपतो, शेतकरी हवालदिल होतो. त्या काळच्या शिफारशीप्रमाणे मी गावोगाव बैठका घेऊन एंडोसल्फान फवारायला सांगत असे. मात्रा सांगितली, वेळ सांगितली, तोंडाला फडके बांधायला सांगितले. पंप कुठे धुवायचा, हे सांगितले नाही. माझ्या ते डोक्यातच आले नाही.

१९९७ च्या जानेवारीत एका वाडीत आठ-दहा जणांनी एकाच दिवशी फवारणी केली आणि संध्याकाळी सर्वांनी आपापले पाठीवरचे पंप ओढ्याच्या डोहावर नेऊन धुतले. दुसरे पाणी होते कुठे? जानेवारीत ओढ्याची धार मनगटाएवढी, डोह तेवढा भरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फवारणीचा परिणाम पाहायला मोटारसायकलवरून गेलो. वाटेत एक म्हातारी आक्का उभी होती. पदराखाली बुट्टी होती. ती तिने माझ्यापुढे रस्त्यावर उपडी केली. मरळी होत्या, वामी होत्या, शिंगटी, चंदेरी बारीक मासळी, खेकडे. सगळे मेलेले.

“ह्ये घ्या सायेब,” ती म्हणाली. “तुमचं औषध लई गुणाचं हाय.”

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण शास्त्रीय असणार. ती ऐकून घेऊन म्हणाली, “माजा मालक मेला त्या साली ह्या डव्हानं माजी पोरं जगिवली. आता नातवास्नी काय दाऊ?”

एंडोसल्फान माशांना किती जहाल असते, ते मी त्यानंतर वाचले. दहा पावले लांब, दहा पावले रुंद आणि कमरेएवढे खोल पाणी धरा. त्यात चहाचा एक चमचा औषध पडले तरी तिथला मासा वाचणे कठीण. इथे तर दहा पंपांची धुवण होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ साली एंडोसल्फान बंद झाले. पण म्हणून निश्चिंत होऊ नका. आज त्याच ढेकण्यासाठी आपण लॅम्डा सायहॅलोथ्रिन वापरतो, भाजीपाल्यावर सायपरमेथ्रिन मारतो. माणसाला आणि जनावराला ही औषधे त्या मानाने सौम्य असतील, माशाला मुळीच नाहीत. बाटलीवरच्या कागदावर तसे छापलेले असते, फक्त अक्षर इतके बारीक की चष्मा लावूनही वाचवत नाही.

म्हणून आता मी प्रत्येक बैठकीत औषधाच्या मात्रेआधी हे सांगतो. फवारणीला जाताना एक कॅन साधे पाणी जादा न्या. पंप रानातच तीन वेळा खळबळून धुवा आणि ती धुवण त्याच पिकावर फवारून टाका. रिकामी बाटलीही तशीच तीनदा विसळा, ते पाणी पंपात ओता आणि बाटली ओढ्याकडे भिरकावू नका. पावसाचे ढग असतील तर त्या दिवशी फवारणी नको, औषधाचे पैसेही पाण्यात जातात. आणि ओढ्याकाठचे आठ-दहा पावलांचे गवत नांगरू नका, तणनाशकाने जाळू नका. बांध ढासळत नाही, वैरण मिळते आणि रानातून वाहून येणारे औषध-खत त्या गवतात बरेचसे अडते.

डोहाला राखण कोणी घातली

तो डोह तीन-चार वर्षे मुका होता. खेकडे आधी परत आले, मग बारीक मासळी. नदीतून चढून येणाऱ्या माशांनीच तो पुन्हा वसवला असता, पण मृगाच्या रात्री वाटेतच त्यांचा निकाल लागत होता. मी दोन-तीनदा विषय काढला. “सायब आता मासं बी खाऊ देत न्हाईत” म्हणून लोक हसले. त्यांचेही चुकले नाही. मासे कोणी मारले होते?

पुढे काजूचे कलम पाहण्यासाठी मी त्या वाडीतल्या मंडळींना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात घेऊन गेलो. परतताना रायगड पाहिला आणि महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीला थांबलो. ज्यांनी ती जागा पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. खडकातला खोल डोह, काठी वरदायिनी देवीचे स्थान, आणि पाण्यात हात-हात लांबीचे महसीर. देवीचे मासे म्हणून तिथे कोणी गळ टाकत नाही. चुरमुरे टाकले की अंगावर अंग टाकून वर येतात. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळापाशीही असेच राखलेले मासे आहेत. सरकारी पहारा नाही, कुंपण नाही, तरी मासा सुखरूप.

आमची मंडळी तासभर तिथून हलेनात. गाडीत बसल्यावर एकजण म्हणाला, “आपल्या डव्हावर बी म्हसोबा हायच की.” बस्स, एवढेच. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर कदाचित बिघडले असते.

त्या उन्हाळ्यात वाडीने म्हसोबापुढे नारळ फोडून दोन गोष्टी ठरवल्या. म्हसोबाच्या डोहात बारा महिने कोणी मासा धरायचा नाही. आणि बाकीच्या ओढ्यात मृग निघाल्यापासून आषाढातला बेंदूर होईपर्यंत हात घालायचा नाही. समुद्रात शासन १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवते. आमच्या वाडीला तारखा जमल्या नाहीत, बेंदूर जमला. बैलाला त्या दिवशी विश्रांती, तशी ओढ्याला तोपर्यंत, असा तो हिशेब आहे. आधी अधिक महिना पडला तर बेंदूर लांबतो आणि मासळीला तेवढी जास्त सवलत मिळते.

सगळे सुरळीत चालले असे सांगणार नाही. पहिल्या वर्षी शेजारच्या गावची पोरे रात्री येऊन गेली. एका भावकीने मुद्दाम जाळे लावले, कारण ठराव मांडणारा दुसऱ्या भावकीचा होता. २०१९ च्या महापुरात डोहाचा निम्मा भाग वाळूने भरला. त्या पुरात आणि २०२१ च्या पुरात वरच्या बाजूची शेततळी फुटून चिलापी ओढ्यात आली, ती अजून निघालेली नाही. चिलापी तिथेच राहून पुन्हा पुन्हा पिल्ले घालते आणि गावठी मासळीची जागा बळकावते. तिला कोणतीही बंदी लावू नका, सापडेल तेव्हा काढा आणि खा. आणि शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांनी सांडव्याला बारीक जाळी बसवावी. थाई मांगूर तर आणूच नये, त्याच्या पाळण्यावर बंदी आहे.

तरीही तिसऱ्या वर्षापासून फरक दिसू लागला. डोहात वाम आली, शिंगटी आली. मरळीचा तांबडा झुबका आक्काच्या नातवाने पहिल्यांदा पाहिला आणि धावत जाऊन तिला दाखवायला आणले. तिला तेव्हा नीट दिसत नव्हते. “लाल हाय न्हवं?” एवढेच तिने विचारले.

बेंदरानंतर

मासे खाऊच नका असे माझे म्हणणे नाही. आपल्या घरात डाळ-भातापलीकडे पोषण यायचे तर ओढ्यातला ताजा मासा सोन्यासारखा आहे. बारीक मासळी काट्यासकट खाल्ली तर पोरांच्या हाडांना चुना मिळतो. प्रश्न धरायचा कधी आणि कसा, एवढाच आहे.

बेंदूर झाला, पाणी थोडे निवळले, की गळाचे दिवस सुरू होतात ते दिवाळीपर्यंत. मेसकाठीची वावभर काठी, तेवढीच दोरी, बारीक गळ आणि ज्वारीच्या ताटाचा तुकडा तरंडी म्हणून. एवढ्यावर माझे बालपण गेले. बारीक मासळीला घट्ट मळलेली कणीक चालते. शिंगटीला आणि वामीला गांडूळ लागते. वाम दिवसा दगडाच्या कपारीत दडून असते, दिवेलागणीनंतर बाहेर पडते. मरळीला संथ पाणी आणि आडोसा हवा. तिच्यासाठी गळाला लहान बेडकी लावतात. तिची आणि तिचा धाकटा भाऊ शोभणाऱ्या डोकची गंमत अशी की दोघांनाही वरची हवा घेता येते. त्यामुळे ती दर थोड्या वेळाने पाण्यावर तोंड काढतात आणि जाणत्याला जागा कळते. शिंगटी गळाला लागली तर पोरांनी ती मुठीत आवळू नये. तिच्या पाठीवरच्या आणि कानामागच्या काट्याची कळ रात्रभर झोपू देत नाही. एक जुना भोई मामा मला सांगे, गळ टाकणाऱ्याने तंबाखू मळलेल्या हाताने आमिष लावू नये, माशाला वास येतो. खरे-खोटे तो जाणे, पण त्याला मासे लागत आणि मला लागत नसत.

जाळे वापरायचेच तर दोन बोटे सहज आत जातील असे वापरा, म्हणजे पोरसवदा मासळी सुटते. मच्छरदाणी घरात डासांसाठी ठेवा.

वामीला बुळबुळ फार, ती चुलीतली राख लावून चोळली की निघते, हे आपल्या भगिनींना सांगायला नकोच. आमच्या आजऱ्याकडे कोकण जवळ, त्यामुळे कालवणात आमसूल आणि दोन-चार तिरफळे पडतात. बाकी जिल्ह्यात कांदा-लसणाच्या चटणीवर भागते. घनसाळच्या गरम भाताबरोबर दोन्ही चांगली लागतात.

करंट, पावडर आणि बंधारा

पूर्वी उन्हाळ्यात डोहात गेळ्याची फळे किंवा रामेठ्याचा पाला कुटून टाकत. मासा गुंगून वर येई. तेही वाईटच, पण पाणी वाहते झाले की परिणाम ओसरत असे. आता ब्लीचिंग पावडर टाकतात, कीटकनाशक टाकतात. त्या पाण्यात अंडी, पिल्ले, खेकडे, गोगलगायी, सगळे संपते, आणि त्याच पाण्यावर खालच्या वाडीची म्हैस तोंड लावते. असा मारलेला मासा आपणही खातो आणि आठवडी बाजारात विकलाही जातो. सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्यास इंग्रज सरकारने १८९७ सालीच कायद्याने बंदी केली होती. आजही तो गुन्हाच आहे.

त्याहून भयंकर म्हणजे करंट. मोटारीच्या पेटीतून वायर ओढायची आणि पाण्यात सोडायची. माझ्या कार्यक्षेत्रातला एक तरणा पोरगा असा गेला. पाण्यात उभा असलेल्या भावाने “बंद कर” म्हटले, काठावरच्याला पावसाच्या आवाजात ऐकू आले नाही. त्याच्या आईला मी आजही गावात गेलो की टाळतो, बोलायला काही सुचत नाही. घरात कोणी पोरगा वायरीचे वेटोळे घेऊन ओढ्याकडे निघाला तर आईने, बहिणीने, बायकोने, कोणीही त्याला दारात अडवावे. रुसला तर रुसू द्या.

आणखी एक गोष्ट बंधाऱ्याची. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही आपल्या जिल्ह्याने साऱ्या राज्याला दिलेली देणगी. पावसाळा सरला की बरगे घालायचे आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर काढायचे. पण कधी बरगे काढायला उशीर होतो आणि वळवाच्या मोठ्या पावसाने ओढे वाहू लागतात. मग चढणीचा मासा बंधाऱ्याखाली अडून गोळा होतो आणि लोक पोत्याने भरतात. पाणी वापर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी मेअखेर पावसाचा अंदाज बघून निदान मधल्या गाळ्याचे बरगे आधी काढले, तर माशाला वाट मिळते. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यात मळी किंवा गावाचे सांडपाणी शिरले तर काय होते, ते पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांच्या खचाने आपल्याला एकदा नव्हे, अनेकदा दाखवले आहे. मळी कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून तडफडताना दिसले की समजावे, पाण्यात श्वास उरलेला नाही. तेच पाणी आपण पिकाला आणि जनावराला देतो. अशा वेळी फोटो काढा, पाण्याची बाटली भरून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा. दुसऱ्या दिवशी पाणी पुढे गेलेले असते.

आमच्या त्या वाडीचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. दिले तर येत्या मृगाला तिथे जत्रा भरेल. गेल्या वर्षी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी आक्काच्या नातवाने मला बोलावले होते. आक्का आता नाहीत. दिवसभर दोघांनी गळ टाकून बसलो. त्याला एक वाम आणि चार-पाच बारीक मासे मिळाले, मला एक खेकडा. त्याच्या घरी त्याचे कालवण झाले आणि सात माणसांनी ते पुरवून खाल्ले.

पण डोंगराच्या अंगाला असलेल्या वरच्या वाडीने हा नियम अजून मानलेला नाही. मासा चढून त्यांच्याच खाचरात जातो आणि तिथेच धरला जातो. त्यांचे म्हणणे असे, की राखायचे आम्ही आणि बेंदरानंतर खायचे खालच्यांनी. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्यावर माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतो आहे. त्याआधी १ मेच्या ग्रामसभेत दोन्ही वाड्यांना समोरासमोर बसवायचे ठरले आहे. सरपंच ताईंनी विषयपत्रिकेत ओढा घेतला आहे, सातव्या क्रमांकावर, रस्त्याच्या दिव्यांनंतर.